हसू आणि ऋण

चित्रपटगृहातले दिवे मालवले की माणसांचे चेहरे दिसेनासे होतात. परंतु त्यांचे हसणे ऐकू येते. पडद्याकडे न पाहता नुसते त्या हसण्याकडे कान दिले, तरी चित्रपटाविषयी आणि त्याहून अधिक प्रेक्षकांविषयी पुष्कळ काही कळते. दुसऱ्याची फजिती पाहून आपण हसतो, आपलेच खूळ दुसऱ्याच्या ठायी दिसले म्हणजेही हसतो. यांतले पहिले हसू केव्हा संपले आणि दुसरे केव्हा सुरू झाले, हे हसणाऱ्यालाही सांगता येत नाही.

श्रोतेहो, या दोन हसण्यांचा विचार मनात आला तो एका लहानशा मराठी चित्रपटामुळे. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा तो चित्रपट. मोकाशी रंगभूमीवरून आलेले, आणि चित्रपट दिग्दर्शित करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. नामांकित नटनट्यांचा झगमगाट नाही, नाचगाण्यांची आतषबाजी नाही. लांबी सुमारे दीड तास. 2009 साली भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेसाठी याच चित्रपटाची निवड झाली. 2004 सालच्या ‘श्वास’नंतर हा मान मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. 2010 च्या जानेवारीत तो सर्वत्र प्रदर्शित झाला, आणि मग प्रेक्षकांत एक मोठा मौजेचा मतभेद निर्माण झाला.

विषय होता दादासाहेब फाळके यांचा. दादासाहेब म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून दिला जातो. अशा पुरुषावरील चित्रपट म्हटला की प्रेक्षक एक ठरावीक तयारी करून जातो. खिशात रुमाल असतो, मनात आदर असतो, आणि पडद्यावर हालअपेष्टा, अपमान व अखेरीस पुष्पहार या क्रमाने सर्व काही घडेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पडद्यावर आला तो जादूचे खेळ करणारा, मुलांत मूल होणारा एक गृहस्थ. भागीदाराशी बिनसून छापखाना सोडलेला, घरात पैशाची चणचण, आणि हा गृहस्थ तंबूतला सिनेमा पाहून असा झपाटतो की पुन:पुन्हा सिनेमे पाहता पाहता त्याची दृष्टी जाण्याची वेळ येते. घरातले सामान विकले जाते. शेजाऱ्यांना त्याच्या डोक्याविषयी शंका येऊ लागते. पण नंदू माधव यांनी उभा केलेला हा फाळके काही केल्या रडत नाही. आणि विभावरी देशपांडे यांची सरस्वतीबाईही कपाळाला हात लावून बसत नाही. उलट नवऱ्याच्या नव्या वेडाकडे ती कुतूहलाने पाहते.

बहुतेक प्रेक्षक या प्रसन्नतेने हरखून गेले. स्त्रीपात्रांसाठी नटी मिळेना, तेव्हा पुरुषांना लुगडी नेसवून घरकामाला लावण्याचा प्रसंग आला की चित्रपटगृह हशाने भरून जाई. नाटकसिनेमात काम करतो असे सांगणे त्या काळी अब्रूला बाधक. म्हणून नोकरी कोठे, असे विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ असे सांगावे, ही युक्तीही लोकांना फार आवडली. परंतु याच खेळांतून काही प्रेक्षक काहीशा नाराजीने बाहेर पडले. त्यांचे म्हणणे असे, की एवढ्या मोठ्या माणसाचा संघर्ष इतका हलका का करावा? ज्याने विमा गहाण टाकला, ज्याच्या पत्नीने अंगावरचे दागिने दिले, त्याची कथा हसत हसत सांगणे ही एक प्रकारची अवहेलनाच नव्हे काय?

हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही; तो आदरापोटी आलेला आहे. पण त्याचे उत्तर मला खुद्द दादासाहेबांच्या प्रेक्षकांकडे पाहिल्यावर सापडते. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. पुढे सुरतेस पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, अशी हकीकत आहे. तेवढ्याच पैशांत तासन्‌तास चालणारे नाटक पाहण्याची लोकांना सवय. त्यांनी या अल्पशा खेळाला का यावे? दादासाहेब हताश झाले नाहीत. त्यांनी जाहिरात केली, की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे! लोक आले. या जाहिरातीत गाऱ्हाणे नाही, उपदेश नाही. आहे तो एका जादूगाराचा मिस्कीलपणा. तेव्हा चित्रपटातले हसू दिग्दर्शकाने वरून चिकटवलेले नाही. ते मूळच्याच स्वभावात होते.

चार वर्षांनी, 1917 साली, ‘लंकादहन’ आला. पडद्यावर राम प्रकट होताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत, असे सांगतात. त्यातले राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली होती, आणि हेच साळुंके एके काळी उपाहारगृहात स्वयंपाकी होते! लोकांनी हात जोडले. पण ज्याने ते जोडायला लावले, त्याच्या कारखान्यात सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत होत्या, ती धूत होत्या, शिवाय सगळ्यांसाठी रांधीत होत्या. हात जोडलेल्या माणसाला हे दिसत नाही. दिसते ते हसणाऱ्याला. कारण हसण्यासाठी माणसाला जवळ जावे लागते.

आणि येथेच हा लहानसा चित्रपट प्रेक्षकांवर एक लबाड प्रयोग करतो. आरंभी आपण फाळक्यांना हसतो. घरातले कपाट विकून सिनेमे पाहणारा हा माणूस वेडा नाही तर काय, असे आपल्यालाही क्षणभर वाटते. म्हणजे 1911 साली त्यांचे शेजारी ज्या बाजूला उभे होते, त्याच बाजूला आपणही जाऊन उभे राहतो! मग हळूहळू चित्र हलू लागते, आणि आपण हसत असतो ते त्या शेजाऱ्यांना, त्यांच्या शहाणपणाला, अर्थात स्वतःला. आज आपल्या आळीत असा कोणी निघाला तर आपण त्याला काय म्हणू, हा प्रश्न या हशातून उरतो. गंभीर चित्रपटाने तो विचारला असता, तर ‘आम्ही नसतो हो तसे!’ असे म्हणून आपण डोळे पुसून सुटलो असतो.

तरीही नाराज प्रेक्षकांच्या म्हणण्यातला एक अंश मला नाकारता येत नाही. हा चित्रपट यशापाशी थांबतो. त्यापुढची कथा निराळी आहे. 1918 साली नाशिकला स्थापन झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, तिथले मतभेद, मग बोलपटांचा उदय, 1937 सालचे ‘गंगावतरण’, आणि शेवटी 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला विपन्नावस्थेत आलेले मरण. ज्या धंद्याची त्यांनी पायाभरणी केली, तो तोवर लक्षावधी रुपयांची उलाढाल करू लागला होता. हे दुःख चित्रपटाने दाखवले नाही, ही त्याची मर्यादा म्हणा. पण ते निर्माण केले नाही, हेही तितकेच खरे. ते निर्माण करणारे आपणच, म्हणजे पाहणारे, टाळ्या वाजवणारे आणि पुढच्या खेळाला दुसरीकडे जाणारे लोक. उत्तरार्ध न दाखवल्याबद्दल दिग्दर्शकावर रुसणे सोपे आहे. तो उत्तरार्ध पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये याची काळजी घेणे कठीण आहे.

म्हणून हसणाऱ्या प्रेक्षकांनी संकोच बाळगू नये, असे मला वाटते. आणि न हसणाऱ्यांनीही त्यांना अरसिक समजू नये. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, गोध्र्याला छायाचित्रे काढलेला, मुंबईत वेडा ठरलेला हा माणूस जेथे जेथे मराठी बोलली जाते तेथे आपला शेजारी म्हणून पोहोचला, तो या हशातूनच. शेजाऱ्याशी आपण हसतो, भांडतो आणि अडीनडीला त्याच्या दारात जातो. पुतळ्याला हार घातला की काम भागते. शेजाऱ्याचे तसे नाही. त्याच्या घरात चूल पेटली की नाही, हेही विचारावे लागते. 1944 साली ते विचारायचे राहून गेले. आज एखादा नवा खुळा आपल्या आळीत कॅमेरा घेऊन उभा असेल, तर त्याला जरूर हसावे. मात्र त्याच्या पहिल्या खेळाचे उत्पन्न तीन रुपयांवर थांबणार नाही, एवढे तिकीट तरी काढावे.