पहिले तीन महिने : लपवू नका, दवाखान्यात चला

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या मेळाव्यातील भाषण)



विषय ऐकून काही पुरुष मंडळींनी माना खाली घातल्या. बायकांच्या विषयात गिरणी कामगाराचं काय काम, असंही कुणाला वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. पण वाचून, विचारून, आशाताईंबरोबर वस्तीत फिरून जे समजलं ते सांगणं आम्ही आमचं कर्तव्य समजतो. तथागतांची माता महामाया बाळंतपणानंतर सातव्या दिवशी गेली, हे आपण दरवर्षी ऐकतो. माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. बाबासाहेबांनी हा विषय बायकांवर सोडून दिला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. मग आपणच का लाजायचं?

आपल्याकडे दिवस गेले की तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. म्हणतात, दृष्ट लागते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा ही दृष्ट अजून मुक्कामाला आहे! शेजारणीला सांगू नका, हरकत नाही. पण आशाताईला आणि डॉक्टरला सांगाल की नाही? नेमके हेच तीन महिने महत्त्वाचे आहेत. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लागते. मूल हवं असं ठरवलं की तेव्हापासूनच ती डॉक्टरला विचारून सुरू करावी.

आता नेहमीच्या तक्रारी. मळमळ, ओकाऱ्या बहुतेकींना होतात. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मुरमुरे, फुटाणे किंवा कोरडी पोळी खावी. दिवसातून थोडं थोडं, पाच-सहा वेळा खावं. पाणी घोटघोट प्यावं. चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकींना आराम पडतो. पण घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उभं राहिलं की चक्कर येते, वजन उतरतं, हे डोहाळे नव्हेत. अशा बाईला सलाईन लागतं. "आम्हाला नाही का झाल्या ओकाऱ्या?" असं म्हणणाऱ्या सासवांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी तक्रार लघवीला जळजळ. शेतावर, बांधकामावर, कारखान्यात बायांना संडासाची सोय नसते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि ताप चढतो. तपासणी करून औषध घ्यावं. मेडिकलवाल्याला विचारून कोणतीही गोळी घेऊ नये.

तिसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा सोबत असावा. शौच काळी होते, त्याला भिऊन गोळ्या फेकू नका. आणि बायांनो, मिश्री, गुडाखू, खर्रा सोडा. तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचं होतं. नवऱ्यानेही बिडी घराबाहेर ठेवावी, नव्हे सोडावीच.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांचीही तपासणी करा. वेळेत कळलं तर मोठ्या रुग्णालयात गर्भाची तपासणीही करता येते. पत्रिका जुळवणं आपण सोडलं, आता लग्नाआधी रक्ताचा रिपोर्ट पाहू.

सगळ्यात महत्त्वाचं आता. अंगावरून थोडंही लाल गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुष्कळदा ते थांबतं आणि गर्भ नीट राहतो, पण घरी बसून ते कळत नाही. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं, घेरी येणं, असं असेल तर गर्भ पिशवीत न राहता नळीत असू शकतो. नळी फुटली की रक्त आतल्या आत साचतं. बाहेर डाग थोडाच दिसतो आणि बाई तासाभरात हातची जाते. तेव्हा सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि पोट पडलंच, तर त्या मुलीला बोल लावू नका. सुरुवातीच्या दिवसांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या घडणीतच दोष असल्यामुळे होतात. तिने हंडा उचलला, ती अमावास्येला बाहेर पडली, तिचा पायगुण वाईट, हे सगळं थोतांड आहे. आधीच रडणाऱ्या लेकीला अपराधी ठरवणं हा कुठला धम्म? तिला विश्रांती द्या. १९६१ च्या कायद्यानेच गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. पण किती कामगार भगिनींनी ती मागितली? माहीतच नाही तर मागणार कोण?

विहार समितीला आमची विनंती आहे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास आशाताईंना बोलवावं. बारा आठवड्यांच्या आत प्रत्येकीची नोंदणी व्हावी. तरुणांनी आपल्या रक्तगटाची यादी विहारात लावावी, रात्री-बेरात्री उपयोगी पडेल. आणि पहिल्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावं, एक खाडा झाला तरी चालेल. मैत्री आणि करुणा यांची सुरुवात आपल्या घरातून होऊ द्या.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!