खरूज एका लेकराची नसते, घराची असते
(करावे, नवी मुंबई येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीचा मुलूख सोडून तुम्ही इथे बांधकामावर आलात. एका खोलीत सहा-सात माणसे, तिघांत एक वाकळ. अंगाला अंग लागते आणि खरूज पसरते. घाणीने खरूज होते हे खरे नाही; रोज आंघोळ करणाऱ्यालाही ती होते. यात लाजण्यासारखे काही नाही.

कपाशीवरची लाल कोळी आपण ओळखतो. खरजेचा किडा तिचाच भाऊबंद, आठ पायांचा. मादी कातडीत बीळ करून रोज २-३ अंडी घालते. मोठ्यांना बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला पुरळ उठते. तान्ह्यांना तळहात, तळपाय, डोके, मान इथेही फोड येतात. तान्ह्याला खाजवता येत नाही. ते रात्री किरकिरते, नीट पीत नाही. घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का, हे आधी पाहा.

औषध आहे. २ महिन्यांवरील मुलांना ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम डॉक्टरांना विचारून लावायचे. रात्री सर्वांगाला लावा, लहानग्यांच्या डोक्यालाही. डोळे आणि ओठ सोडा. ८ ते १२ तासांनी धुवा, आठवड्याने पुन्हा लावा. २ महिन्यांखालच्या बाळाला दवाखान्यातच न्या. तिथे बहुधा गंधकाचे सौम्य मलम देतात.

पण फवारणीचे औषध लेकराच्या अंगाला कधीही लावू नका. बीएचसी पावडरीवर देशात १९९७ साली बंदी आली. तिच्यातल्याच लिंडेनचे खरजेवरचे औषध पूर्वी सर्रास मिळे. ते कातडीतून भिनते आणि लहान मुलांना झटके येऊ शकतात. जे पिकावरून काढावे लागले, ते बाळाच्या अंगावर कशाला?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अर्धे शेत फवारून कीड जात नाही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून खाज नसली तरी घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध घ्यावे. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून. त्याच दिवशी कपडे-पांघरुणे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. धुता न येणारी वाकळ पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. म्हणून पुन्हा पुन्हा मलम चोपडू नका. फोडांत पू झाला, ताप आला, तोंडावर सूज आली किंवा लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सणाला गावी जाण्याआधी हे करा. गावाकडच्या लेकरांसाठी खाऊ न्या, खरूज नेऊ नका.