अक्षांश, रेखांश आणि मूळ स्थान



एखादी जागा कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा: ओहोळाच्या पलीकडे, तळीच्या उत्तरेस, अमक्याच्या कुळागरास लागून. जुन्या दस्तऐवजांतील चतुःसीमा याच रीतीने लिहिलेल्या असतात. हे सापेक्ष स्थान होय. परंतु कुळागर विकले जाते, ओहोळ बुजतो, वाड्याचे नाव बदलते. मग कागद शाबूत असूनही जागा सापडत नाही. दुसरा प्रकार निरपेक्ष स्थानाचा. त्याला शेजाऱ्याची साक्ष लागत नाही. अक्षांश व रेखांश हे दोन आकडे पुरतात.

विषुववृत्तापासून उत्तरेस अथवा दक्षिणेस असलेले कोनात्मक अंतर म्हणजे अक्षांश. ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून पूर्वेस अथवा पश्चिमेस असलेले अंतर म्हणजे रेखांश. ग्रीनिच हे आरंभस्थान १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ठरले. पणजी सुमारे १५ अंश ३० कला उत्तर आणि ७३ अंश ५० कला पूर्व येथे आहे. या दोन रेषा भूगोलावर एकाच ठिकाणी छेदतात.

ही विद्या भारतीय ज्योतिषास नवी नाही. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते, ती पलभा. पणजीच्या अक्षांशावर ती सुमारे ३ अंगुळे २० व्यंगुळे भरते. म्हणजे पलभेवरून अक्षांश काढता येतो. रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंचीही जवळजवळ तेवढेच अंश दाखविते. रेखांश मात्र कठीण, कारण तो काळाशी बांधलेला आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास चार मिनिटे. सिद्धान्तकारांनी उज्जयिनीची मध्यरेखा धरून चंद्रग्रहणाच्या स्थानिक वेळांतील फरकावरून देशांतर काढण्याची रीत सांगितली. वास्को द गामाच्या काळातील पोर्तुगीज नाविक सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढीत. परंतु समुद्रावर रेखांशाचा भरवसा अठराव्या शतकात जॉन हॅरिसनचे घड्याळ सिद्ध होईपर्यंत आला नाही.

देवस्थानाच्या नित्यक्रमाशीही याचा संबंध आहे. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशाची. पणजी त्याच्या पश्चिमेस ८ अंश ४० कला, म्हणून तेथील स्थानिक वेळ ३४ मिनिटे ४० सेकंद मागे. तेथील खरा मध्यान्ह घड्याळात सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास होतो. दूरच्या शहरासाठी गणित केलेल्या पंचांगातील सूर्योदय गोव्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. आणि तिथी सूर्योदयाच्या आगेमागेच संपत असेल, तर थोड्या मिनिटांनीही व्रताचा दिवस बदलू शकतो.

आता सूक्ष्मतेचा विचार. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, एक कला १.८५ किलोमीटर, एक विकला ३१ मीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत जात असल्यामुळे गोव्याच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश सुमारे १०७ किलोमीटरच भरतो. अर्थात कलेपर्यंतच्या आकड्याने गाव सापडेल. देवळाचा चौथरा शोधण्यास विकलेचा दशांश हवा.

हा दशांश महाजनांना का हवा? सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून झुआरीपलीकडे प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आणि श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास नेण्यात आली. या मोठ्या क्षेत्रांचा इतिहास लिहिला गेला. परंतु कित्येक लहान ग्रामदेवतांचे मूळ स्थळ, एखादी बुजलेली तळी वा चिऱ्यांचा ढीग, केवळ गावातील वृद्धांच्या स्मरणात आहे. ते गेल्यावर चतुःसीमा सांगणाराही उरणार नाही.

आज उपग्रहांच्या साह्याने खिशातील दूरध्वनीही हे आकडे दाखवितो. वृद्धांना सोबत घेऊन त्या जागी जावे. उघड्या आकाशाखाली, वेगवेगळ्या दिवशी, अनेकदा वाचन घ्यावे. आधी अक्षांश, मग रेखांश लिहावा, दिनांक घालावा. आकडे कोणत्या भूमापन-आधारावर आहेत तेही नोंदवावे, कारण जुन्या नकाशांचा आधार निराळा असल्यास जागा बरीच सरकते. जागा कोणती, हे मात्र यंत्र सांगत नाही; ते माणसानेच दाखवावे लागते. म्हणून दाखविणारी माणसे हयात आहेत तोवर प्रत्येक कुळाने देवस्थानच्या दप्तरात ही एक ओळ लिहून ठेवावी.