असत्याचा हिशेब
(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



१२ मार्च १९९३ चा शुक्रवार. मुंबई साखळी स्फोटांनी हादरली, २५७ माणसे मारली गेली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. त्या सायंकाळी दूरदर्शनवर मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्फोटांची ठिकाणे सांगितली आणि त्यांत मशीद बंदरचे नाव घेतले. तेथे स्फोट झालाच नव्हता. आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत सुमारे ९०० जणांचे प्राण गेले होते. स्फोट केवळ हिंदूबहुल भागांत झाले हे कळताच शहर पुन्हा पेटेल, म्हणून आपण हे नाव जाणूनबुजून जोडले, असे पुढे त्यांनीच उघडपणे सांगितले.

हे नीतीला धरून होते काय? घाईने उत्तर देऊ नये.

कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतात. सत्यव्रती कौशिकाने लुटारूंना लपलेल्या माणसांची वाट खरी सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. पण त्याच महाभारतात अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य बोलताच युधिष्ठिराचा, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. असत्य क्षम्य ठरले तरी त्याची किंमत चुकत नाही. मुंबईतील त्या असत्याचीही किंमत होती. नागरिक सत्य पचवू शकणार नाहीत, हे त्यात गृहीत होते. शिवाय पुढच्या संकटात शासनाच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मागे उरलाच.

आता दुसरे टोक पाहा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश भ्रमणध्वनीवरून पसरलेले. मंगळवेढ्याकडून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. भिक्षेच्या झोळीला पिढ्यान्‌पिढ्या पसाभर धान्य घालणारा आपला समाज हा! ते संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण खोटे बोलतो आहोत असे वाटलेही नसेल. उलट शेजाऱ्याला सावध केल्याचे समाधानच वाटले असेल. (आपणही घरच्या गटांवर सकाळी काय काय पाठवितो, ते एकदा आठवून पाहावे.) मुंबईतील असत्याला निदान एक धनी होता, त्याला पुढे जाब विचारता आला. राईनपाड्याला ज्याने पहिला संदेश लिहिला, त्याला कोणी विचारायचे?

मला अनेकदा विचारतात, त्या रात्री वृत्तपत्राच्या मेजावर खरी यादी तुमच्या हाती असती तर? मी ती त्या रात्री छापली नसती. खोटे नावही छापले नसते. मृतांची व जखमींची माहिती आणि रक्तदानाचे आवाहन, एवढेच दिले असते. शहर शांत झाल्यावर मात्र, आठवड्याभरात, ती पहिल्या पानावर छापली असती; मग मुख्यमंत्र्यांना कितीही राग येवो.