निळा रंग आणि कामकरी स्त्रीचा हात



कॅन्सरवर बोलायला डॉक्टर सोडून युनियनचा माणूस कशाला, असे आपल्याला वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेट मीटिंगमध्ये झाले. परंतु आजचा विषय हाताचा आहे, आणि कामगाराजवळ हातावाचून दुसरे भांडवल ते काय?

आमच्या सभासदांत पॅकिंग खात्यातल्या एक बाई होत्या. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, बाई वाचल्या. पण वर्षभरात उजवा हात सुजून जड झाला. खोके उचलवेना, बांगडी चढेना. मालकाने हलके काम दिले नाही. आम्ही भांडलो आणि हरलो. रोगातून उठलेली बाई हातामुळे घरी बसली.

हात का सुजतो? रक्ताखेरीज शरीरात लसीका नावाचा पाणीदार रस बारीक नळ्यांतून वाहतो. स्तनाकडचा बहुतेक रस आणि हाताकडचा रस काखेतल्या लहान गाठींतून गाळून पुढे जातो. कॅन्सरही याच वाटेने पसरतो. म्हणून पूर्वी काखेतल्या दहा-वीस गाठी सरसकट काढून टाकीत. त्यात रसाची वाटच मोडे, आणि सुमारे पाचांतील एकीचा हात सुजे. पुष्कळदा तर त्या गाठी तपासणीत निर्दोष निघत!

आता रंगाची गोष्ट. अंबरनाथ-उल्हासनगरच्या रंगखात्यांत राबलेल्यांना सांगायला नको, की रंग वाट दाखवतो. गटार कुठे फुटले ते शोधायला वर रंग सोडतात आणि तो कुठे निघतो ते पाहतात. हीच युक्ती स्तनाच्या कॅन्सरमध्ये चालते, हे अमेरिकेत डॉ. जुलियानो यांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. भूल दिल्यावर स्तनाग्राजवळ निळा रंग टोचतात आणि काही मिनिटे चोळतात. काखेत लहान चीर देऊन निळी झालेली नळी शोधतात. ती जिथे पोचते ती पहिली गाठ म्हणजे गेटवरचा पहारेकरी. चोर आत शिरला असेल, तर आधी त्याच्यापुढून गेला असणार. अशा दोन-तीन गाठी काढून तपासतात. त्या स्वच्छ असल्या, तर बाकीच्या जागच्या जागी राहतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५,६११ स्त्रियांच्या पाहणीत, गाठी राखल्याने आयुष्य घटत नाही असे दिसले. हात सुजण्याचे प्रमाणही वीसांत एकीच्या आसपास उतरते. पहारेकरी कधी चुकतो, हेही सांगितले पाहिजे: काखेत रोग असलेल्या दहाजणींत एखादीची पहिली गाठ स्वच्छ दिसते.

हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. किरणोत्सर्गी द्रव्य आणि महाग यंत्र नसले, तरी मेथिलीन ब्लू हा १८७६ सालचा स्वस्त रंग, औषधासाठी शुद्ध केलेला, काम देतो. परळच्या टाटा हॉस्पिटलने तर २०१३ साली दाखवले, की काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्या गाठी रंगावाचून काढून तपासल्या तरी निदान जवळजवळ तितकेच खरे ठरते.

पण अट एकच. गाठी काखेत हाताला लागू लागण्याआधी जायला हवे. भगिनींनो, दुखत नाही म्हणून गाठ लपवू नका. बंधूंनो, खाडा पडेल म्हणून घरच्या बाईला थांबवू नका. कुळगावची लोकल परळला जाते. विमा योजनेत कॅन्सरसाठी दीर्घ आजारपणाचा भत्ता आहे, तो मागून घ्या. आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा: "साहेब, आधी पहारेकरी गाठ तपासणार ना?" नंतर एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी झाली तर घाबरू नका. तो त्याच रंगाचा गुण.

पगाराची स्लिप वाचल्याशिवाय आपण सही करीत नाही. ऑपरेशनच्या कागदावरही विचारूनच सही करा.