टेम्पोची जुनी पावती

सोयरीक जमवताना आपण चार गावं चौकशी करतो. आमच्या गटानं जुना तीनचाकी टेम्पो घेताना मात्र नुसता रंग बघितला.

पापड-मसाले आठवडी बाजारात न्यायचे होते. बचतीतले 1 लाख 10 हजार मोजले. "ताई, फक्त 40 हजार किलोमीटर चाललाय," एजंट म्हणाला. मीटरवरही तेवढाच आकडा. महिन्याभरानं मेकॅनिकला सीटखाली सर्व्हिसिंगची जुनी पावती सापडली. दोन वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर 71 हजार! मीटर मागे फिरवलं होतं.

गाडी नावावर करायला गेलो, तर आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. कर्ज फिटलेलं, पण बोजा कुणी उतरवलाच नव्हता. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि सहीचा फॉर्म 35 मिळेपर्यंत चार महिने गेले. एजंट फोनच उचलेना.

म्हणून सांगते, पैसे देण्याआधी मूळ आरसी हातात घ्या. बोजा आहे का, कितवा मालक आहे, ते वाचा. चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते पाहा. थकलेली ई-चलानं विकणाऱ्यालाच भरायला लावा. पूर्ण विमा असेल तर पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' शोधा. तो 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि क्लेम घेतला की साधारणपणे शून्यावर येतो. शून्य दिसला की अपघात झालाच असं नाही हं. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मालक नुकताच बदललेला असू शकतो. पण विचारायचं. आणि मीटर कमी दाखवतंय, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार झिजलंय, तर काय समजायचं ते समजा.

आम्ही मग एक फाईल केली. ऑइल बदललं तरी बिलावर किलोमीटर लिहून घ्यायचे. तीन वर्षांनी टेम्पो विकायला काढला, तेव्हा गटात भांडण झालं. ती 71 हजारांची पावती दाखवायची की नाही? "आपल्याला कुणी सांगितलं होतं?" एक काकू म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं, पैसे सगळ्यांचेच बुडाले होते. शेवटी हात वर करून ठरवलं. दाखवायच्या बाजूनं एकच हात जास्त होता.

घेणारा भाजीवाला होता. पावती बघून त्यानं 8 हजार कमी केले. मग बाकीची बिलं एकेक करून वाचली आणि त्याच दिवशी 70 हजार दिले. जाताना फाईलही मागून घेतली.