पर्लकोटेला पूर येण्याआधी

आम्ही भामरागडच्या बाया बोलतोय. गडचिरोलीच्या जंगलातलं आमचं हे तालुक्याचं छोटं गाव. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथंच भेटतात. उन्हाळ्यात आम्ही मोहफुलं वेचतो, तेंदूपानं तोडतो. त्यावर घरचं तेलमीठ चालतं.

पावसाळा मात्र धाकाचा. पर्लकोटेला पूर आला, पूल बुडाला, बाजारात पाणी शिरलं, आलापल्लीची वाट बंद, असे कित्येक पावसाळे आम्ही काढले. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, अगदी जवळ. पण तो नदीपल्याड!

म्हणून सांगतो, लेकीसुनेचे दिवस भरत आले असतील, तर पाड्यावर थांबू नका. आभाळ भरण्याआधीच तिला दवाखान्याजवळच्या सोयऱ्यांकडे ठेवा. सोयरे नसतील, तर आमच्या घरी आणा.